मणेरीच्या पाठीवरचं पाणी

आषाढात घोटी ओलांडून आत गेलं की 'पाऊस पडतोय' असं कुणी म्हणत नाही. तो असतोच, आपण त्याच्या घरी गेलेलो असतो. नानांच्या गोठ्याला तीन बाजूंनी कूड आहे आणि चौथी बाजू उघडी. त्या उघड्या बाजूला मणेरी उभी होती, अर्धी आत, अर्धी पावसात. माझ्या हातात फॉर्म, फॉर्मावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकखाली कसंबसं चालणारं पेन. नाना म्हणाले, "हात लाव तिला. पाठीवर. उलटा फिरव."

मी फिरवला. केसांच्या टोकांवरून पाणी ओघळत होतं, पण बोटं केसांच्या बुडाशी गेली तशी कातडी कोरडी लागली. कोरडी आणि ओशट. वाती वळून झाल्यावर हात धुतले तरी बोटांना जे राहतं, ते. बाहेर काढून पाहिलं तर बोटांवर पातळ तेलाचा थर आणि त्याला एक उग्र वास. नानांनी माझं मनगट धरून हात उजेडाकडे तिरपा केला. "हे तुह्या कागदात कुठं लिहू ऱ्हायली?"

कागदात सत्तावीस रकाने होते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर, जात, वय, वेत, रोजचं दूध, फॅट, छातीचा घेर, शिंगांची लांबी, शेपटाचा गोंडा कुठवर येतो तेसुद्धा. पाठीवरच्या तेलाला रकाना नव्हता. मी 'दूध' या रकान्यात दीड लिटर लिहिलं. नानांनी ते वाकून वाचलं आणि हसले. "म्हंजी तुह्या शाळेत ही नापासच."

नाना माझे चुलते. त्यांची गुरं डांगी. ही जात आमच्याच भागातली: डांग, सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी आणि खाली अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा. अंगावर काळे किंवा तांबडे फराटे, ठिपके. त्यावरून नावं पडलेली, शेवरा, मणेरा, पारा. खूर काळं आणि गारगोटीसारखं टणक, त्यामुळे भाताच्या खाचरात दिवसदिवस चिखलणी केली तरी सडत नाही. एका वेताचं दूध सरासरी 430 किलोच्या आसपास. तेलाचा उल्लेख पुस्तकांतही आहे, पण एका ओळीपुरता: कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून अतिवृष्टीत तग धरते. ही ओळ सगळ्या जातीसाठी आहे. मणेरीला किती तेल, शेजारच्या शेवरीला किती, मणेरीच्या कालवडीला किती, हे कुठे लिहिलेलं नाही. आणि माझं पोट नेमकं त्या 'किती'वर चालतं.

मी नाशिकला एका फ्लॅटमध्ये बसून गुरांच्या जनुकांचे तक्ते चाळते. 'जनावरांचं शिक्षण घेतलं आणि जनावराला हात लावत नाही', असं मोठी आई म्हणते ते खरं आहे. माझ्यासमोर गाय येते ती अक्षरांत. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली, सुमारे 270 कोटी अक्षरं लांब, 30 गुणसूत्रांच्या जोड्यांत बांधलेली. ही पोथी पहिल्यांदा वाचली गेली ती अमेरिकेतल्या डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गायीची. 25 देशांतले 300 शास्त्रज्ञ सहा वर्षं खपले आणि 2009 साली ती छापून आली. सुमारे 22,000 जनुकं निघाली. आज तेच वाचन एखाद्या प्रयोगशाळेत काही दिवसांत होतं. वाचायचं कसं हा प्रश्न बराचसा सुटलाय. वाचलेलं कशाशी ताडून पाहायचं, तिथे गाडी चिखलात.

कारण जनुकाचं काम शोधण्याची रीत तशी बाळबोध आहे. हजारो जनावरांची अक्षरं एका बाजूला मांडायची, त्यांचा एखादा गुण आकड्यात दुसऱ्या बाजूला मांडायचा, आणि कुठलं अक्षर बदललं की आकडा हलतो ते पाहायचं. गुण आकड्यात नसेल तर दुसरी बाजू रिकामी. मग कितीही महागडं यंत्र आणा.

कधी कधी एकच ठिकाण सापडतं आणि गंमत वाटते. 2002 साली 14व्या गुणसूत्रावरच्या डीगॅट-1 या जनुकाचा असाच छडा लागला. त्याच्या प्रथिनात एका जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर दुधात फॅट जास्त आणि दूध कमी. तिथे अ‍ॅलनिन असेल तर दूध जास्त, फॅट कमी. आपल्या देशी गायी आणि म्हशी जवळपास सगळ्या लायसिनवाल्या. संकलन केंद्रावर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा भावाचा पाया, तिथे यंत्राच्या काचेत नानांच्या दुधाचा आकडा चारच्या वर चढतो आणि मागे रांगेत उभा असलेला माणूस "काय पाजतोस रे गायीला?" असं विचारतो, त्यामागे इतर गोष्टींबरोबर हेही एक अमिनो आम्ल आहे.

पण बहुतेक गुण असे एकावर टेकलेले नसतात. गायीची नुसती उंची घ्या. 2018 साली 58,265 गुरांचा अभ्यास एकत्र करून पाहिला, तेव्हा उंचीशी संबंध असलेल्या 163 जागा सापडल्या. आणि त्या सगळ्या मिळूनही उंचीतल्या फरकाचा फार तर सातवा हिस्सा उलगडला. उंची म्हणजे काय, पट्टी लावली की मिळणारी गोष्ट. पावसात न भिजणं याला तर पट्टीही नाही. केस, कातडी, तैलग्रंथी, चरबीचं पचन, हे सगळं त्यात गुंतलेलं असणार. हे काम एका जनुकाचं असेल असं मानायला मी तरी तयार नाही.

शहरातल्या लोकांना यातलं काही नको असतं. मी काय करते हे कळलं की गंगापूर रोडवरच्या लग्नात हमखास एकच प्रश्न येतो: ए-टू दूध खरंच चांगलं का हो? बीटा केसिन नावाच्या प्रथिनात 67व्या जागी प्रोलिन असलं तर ए-टू, हिस्टिडिन असलं तर ए-वन, आणि देशी गायी मुख्यतः ए-टू, एवढं मी सांगते. ए-वनमुळे मधुमेह-हृदयविकार होतात का, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2009 साली तपासलं आणि तसा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं, हेही सांगते. तोवर समोरचा माणूस जिलेबीकडे वळलेला असतो.

नानांनी एकदा एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन ही भरपूर दुधाची परदेशी गाय घेतली होती. सिन्नरच्या बाजूची, दुसऱ्या वेताची, दारात उतरली तेव्हा बघायला अख्खी आळी जमलेली. विली आणि दिवसाला अठरा लिटरवर गेली. पहिले दोन महिने नाना कुणाशी नीट बोलतही नव्हते, इतके खुशीत. मग ती माजावर येईना. आली ती मुकी, कळलंच नाही. कांडी भरली, म्हणजे वळूचं रेत नळीने सोडलं; उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही. पुन्हा भरली, पुन्हा उलटली. चार वेळा. डॉक्टर सुया देऊन गेले, मिनरल मिक्श्चर दिलं, शेजारणीने अंगारा दिला. पावसाळ्यात खुरं गेली. इगतपुरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि ती जिथून आली त्या भागात पाऊस म्हणजे पाहुणा. शेवटी भाकड गाय निम्म्याहून कमी पैशांत गेली. व्यापाऱ्याने उपरण्याखाली नानांची बोटं दाबली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं नाही, एवढं मला आठवतं. मी तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की मला कारण माहीत असणार.

कारण नंतर कळलं, आणि ते नुसतं जनुकात नव्हतं. व्यायल्यावर गायीचं दूध सहा-आठ आठवड्यांत शिगेला पोचतं. भूक मात्र मागून येते, दहा-बारा आठवड्यांनी. मधल्या काळात गाय खाते त्याहून जास्त कासेतून जातं आणि ती स्वतःची चरबी वितळवून तूट भरते. ही चरबी यकृतावर येऊन पडते. यकृतातून निघणारं आयजीएफ-1 नावाचं संप्रेरक घटतं. तिकडे मेंदूला कळतं की घरात चणचण आहे; अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात, बीज पिकत नाही, माज दिसत नाही.

आमच्या भागात हे समजावायला पाटाइतकं सोपं काही नाही. दारणा धरणाचं आवर्तन सुटलं की वरच्या दारांनी पाणी ओढलं तर शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओला पाट येतो, पाणी येत नाही. तो बिचारा आपल्याच चारीत गाळ आहे का म्हणून खोरं घेऊन उतरतो. एचएफमध्ये पिढ्यान् पिढ्या निवड करून कासेचं दार मोठं करत नेलंय. अंडाशय शेपटाला आहे. आम्ही चार वेळा त्याची चारी उकरली.

जनुकशास्त्र दारं मोजतं: कुठलं किती उघडं, कुठलं गंजलेलं. त्याच्या पुढची विद्या, जिला इंग्रजीवरून सिस्टिम्स बायॉलॉजी म्हणतात, ती अख्खा पाट चालून पाहते. कुठल्या अवयवात कुठलं जनुक कधी बोलतं, रक्तात काय वाहतं, रवंथाच्या पोटात कुठले जंतू कडब्याचं काय करतात, आणि एक दार हलवलं की दहा दारांपुढे पाण्याची पातळी कशी बदलते. दुधातल्या फरकात वंशाचा वाटा साधारण 30 टक्के धरतात, गाभण राहण्याच्या फरकात 5 टक्केही नाही. म्हणून नुसत्या जनुकांच्या जोरावर 'लवकर गाभण राहणारी गाय' काढणं हे फार चिवट काम आहे. अठरा लिटर ऐकलं की हे कुणाला सांगावंसं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

'उलटली' या शब्दापाशी मात्र मी अजून थांबते. गोठ्यात तो रोजचा शब्द आहे, आणि त्याच्या पोटात किती निरनिराळी कारणं दडलेली असतात. 1962 साली अमेरिकेत चीफ नावाचा एक होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या मुलींना दूध इतकं की त्याचं रेत जगभर गेलं. 16,000 मुली, त्यांच्या मुली, त्यांच्या मुली. होल्स्टीन जातीच्या जनुकसंचातला सुमारे 14 टक्के भाग त्याच्यापर्यंत जाऊन पोचतो असा हिशेब आहे. या चीफच्या एका गुणसूत्रावर, एपॅफ-1 नावाच्या जनुकात, एक अक्षर चुकलेलं होतं. एक प्रत चुकीची असली तर गायीला काही होत नाही. आईकडूनही तीच आली आणि बापाकडूनही तीच, तर गर्भ टिकत नाही. 35 वर्षांत जगभर अशा सव्वापाच लाखांच्या आसपास गर्भांचं नुकसान झालं असा अंदाज पुढे निघाला. प्रत्येक गोठ्यात त्याला त्या-त्या भाषेतलं 'उलटली' एवढंच म्हटलं गेलं असणार.

ही चूक सापडली कशी, ते मला फार आवडतं. 2011 साली हजारो होल्स्टीन गुरांचे तक्ते तपासताना काही जणांच्या लक्षात आलं की गुणसूत्राचा एक तुकडा पुष्कळ गुरांत एका बाजूला आढळतो, पण दोन्ही बाजूंना असलेलं एकही जिवंत जनावर नाही. हिशेबाने डझनावारी असायला हवी होती. नसलेली जनावरं मोजून त्यांनी मरण शोधलं. रिकाम्या घरांकडे कुणीतरी बघावं लागतं. आणि ती घरं रिकामी आहेत हे कळायला आधी भरलेली हजारो घरं असावी लागतात, म्हणजे परत नोंद.

डांगीची तशी घरं भरलेली नाहीत. आता भारतात चिपा निघाल्यात, जनावराच्या डीएनएतल्या ठरावीक खुणा एका दमात वाचणाऱ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने 2021 साली 'इंडीगाऊ' ही चिप आणली, 11,496 खुणांची. 2024च्या ऑक्टोबरात आपल्याच वाशिमला 'गौ चिप' आणि 'महिष चिप' यांचं लोकार्पण झालं. चिप म्हणजे मुंबई-आग्रा रोडवरचे मैलाचे दगड समजा. दगड म्हणजे गाव नव्हे. पण अमुक दगड आला की घोटी जवळ आली हे नेहमीच्या माणसाला कळतं. वासरू जन्मल्याबरोबर त्याचे सगळे दगड वाचायचे आणि पुढे दूध किती देईल याचा अंदाज बांधायचा, ही कल्पना 2001 साली मेविसन, हेज आणि गोडार्ड या शास्त्रज्ञांनी मांडली आणि परदेशातल्या दुधाच्या धंद्याचा नूर पालटला. मात्र दगडावरून गाव ओळखायला त्या रस्त्याने आधी बरेच वेळा गेलेलं असावं लागतं. होल्स्टीनच्या रस्त्याचे दगड आणून पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर रोवले तर माणूस रात्रीचा दरीत जाईल. म्हणून देशी गुरांच्या वेगळ्या चिपा हव्या होत्या, आणि म्हणूनच माझ्यासारखी पोरं फॉर्म घेऊन गोठ्यागोठ्यातून हिंडतात.

हिंडण्यातही शहाणपण लागतं. पहिल्या फेरीत मी चाळीस गुरांच्या शेपटाचे केस घेतले. केस कापून चालत नाही, उपटावा लागतो. टोकाला पांढुरकी गाठ आली पाहिजे, डीएनए त्या गाठीत असतो. ते नीट केलं. आणि मग सगळे नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून, वर पेनाने नंबर लिहून, पावसातून मोटरसायकलवर नाशिकला आणले. केस कागदी पाकिटात, कोरडे ठेवायचे असतात हे मला पाठ होतं. पाकिटं संपली म्हणून म्हटलं, एका दिवसाने काय होतंय! आतून दमट, बाहेरून नंबर पुसलेले. नानांनी पुढच्या खेपेला एकेक पिशवी उजेडात धरली: "ही शेवरीची. हा पाऱ्या बैल. ही... ही आपली नाही, ही खालच्या वाडीतली." बहुतेक बरोबरच असणार. पण केसाच्या रंगावरून ओळख पटवली असं तक्त्यात लिहिता येत नाही. चाळीसच्या चाळीस फेकले, पुन्हा घेतले. मणेरीने त्याबद्दल मला एक लाथ दिली.

फलटणचं उदाहरण मी स्वतःला अशा वेळी देत राहते. सुंदरबनातली गारोल मेंढी, अंगाने लहान, पण जुळं-तिळं देणारी. 1792-93 साली बंगालमधून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांतला हा गुण तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत उतरला, आणि 2001 साली त्याचं जनुक सापडलं: एकच बदल, नाव फेक-बी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो गुण आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यावर चाचणी करून कुठल्या कोकराला तो मिळाला ते ठरवता येऊ लागलं. 'सुवर्णा' मेंढी ती हीच. त्यातली मला भावणारी गोष्ट जनुकाच्या पुढची आहे. त्यांनी या मेंढ्या धनगरांच्या कळपांत दिल्या आणि तिथे मोजमाप केलं: उन्हात चालून, कमी चाऱ्यावर, जुळ्यातलं दुसरं कोकरू जगतं का? आईला दोघांपुरतं दूध येतं का? धनगराला जुळं नको असतं, जगलेलं जुळं हवं असतं. प्रश्न त्याचा होता, म्हणून रकानाही त्याचाच झाला.

नानांच्या प्रश्नाला रकाना करायचं मी यंदा मनावर घेतलं. माणसाच्या कपाळावरचं तेल मोजायला पूर्वी सिगारेटचा पातळ कागद वापरत: ठरावीक वेळ कातडीवर दाबून ठेवायचा, आधीचं आणि नंतरचं वजन करायचं. म्हटलं, गायीला का नाही? घोटीच्या टपरीवर नुसते कागद मागितले तेव्हा टपरीवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. नानांनी तर पुडकं हातात घेऊन वास घेतला.

मी समजावून सांगितलं. केस भादरून दोन बोटांएवढी जागा करायची, कागद ठेवायचा, वर पट्टी, तीन मिनिटं. मग डबीत बंद. प्रत्येक गुराचे तीन कागद. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कधी घेणार?"

"आता. आलेच आहे तर."

"आता काय घेशील? सरी आत्ताशी लागल्या. आत्ता घेतलंस तर समद्यांचं सारखंच निघंल. पंधरा-वीस दिवस भिजू दे. आवणी होऊ दे. मंग कळतं कोण ओली होती अन् कोण कोरडी. जी ओली होती ती अशी," नानांनी अंग आखडून, मान खाली घालून गाय करून दाखवली, "अशी उभी ऱ्हाती. केस फिसकारून."

मी फॉर्माच्या पाठीमागे लिहून घेतलं: आवणीनंतर (भाताची लावणी झाल्यावर), सलग भिजल्यावर, उभं राहण्याची ढब. वातावरण बदललं की तीच जनुकं निराळी बोलतात, हे वाक्य मी किती वेळा इंग्रजीतून वाचलं असेल, आणि तरी मी आषाढाच्या दुसऱ्या दिवशी कागद घेऊन उभी होते.

"मग श्रावणात येते," मी म्हटलं. "पोळ्याला. तशी सुट्टीही आहे."

"पोळ्याला नको," नाना म्हणाले आणि मणेरीच्या पुढ्यात गवताची पेंढी सोडली. "आधी ये. खांदेमळणीच्या आधी. नाय तर बैलांच्या खांद्यावर आमचंच तूप मोजून नेशील."